चावी हाती आली, घर टिकेल का?

गेल्या वर्षीची, म्हणजे १४ ऑगस्ट २०२५ ची गोष्ट असेल तर ती वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचलीच आहे. त्या दिवशी वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांना ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या मालकीचे, संडास-मोरी घरात असलेले घर एक पैसा न भरता मिळाले. या घटनेचा आनंद मानू नये असे कोण म्हणेल? पहाटे डबा घेऊन सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहणे काय असते, हे ज्या आयाबहिणींनी भोगले, त्यांना त्या चावीची किंमत विचारावी.

परंतु त्या आनंदाच्या दिवसांतच आमच्या ओळखीच्या एका मावशींनी मला जो प्रश्न विचारला तो डोक्यातून जाईना. मावशी चाळीत लग्न होऊन आल्या, तिथेच विधवा झाल्या. मी कारकुनी पेशाचा माणूस, लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून कागदांची पिशवी घेऊन त्या आल्या होत्या. सगळे कागद पाहून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, घर फुकट मिळणार हे खरं. पण त्यात राहायला महिन्याला किती पडणार, ते कुठल्या कागदात लिहिलंय?"

मी पिशवी पुन्हा चाळली. ते कुठल्याच कागदात लिहिलेले नव्हते. आजचा हा लेख मावशींच्या त्या प्रश्नापायी आहे.

चाळ आणि आपला समाज

मुंबईत घरांची टंचाई भयंकर वाढली तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते सुरू झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव रूढ झाले. या खात्याने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचे ठरवले होते. प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या. म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या.

कोकणातून, साताऱ्याकडून पोटासाठी आलेल्या आपल्या माणसांना मुंबईत जागा कोण देणार होते? खासगी चाळमालक आधी जात विचारीत, मग भाडे सांगत. सरकारी चाळीत भाडेपावती मिळाली की निदान तो प्रश्न संपत असे. त्यामुळे बीडीडीतील काही चाळी आपल्या समाजाच्या म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. तिथे बुद्धविहारे झाली, जयंतीच्या मिरवणुका निघाल्या, रात्रीच्या दिव्याखाली पोरे मॅट्रिक झाली. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली, तेव्हा याच चाळींतल्या माणसांनी मार खाल्ला आणि तरीही आपली जागा सोडली नाही.

चाळीचे आणि चळवळीचे नाते आणखी जुने आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आयुष्याची सुमारे बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीत काढली. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे तीही सार्वजनिक संस्थेने बांधलेली आणि भाड्याची. महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, तेव्हा बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे बिऱ्हाड त्या दोन खोल्यांतच होते. कमी भाड्याची, कुणी उठून हाकलून देणार नाही अशी खोली गरीब माणसाला काय देऊ शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यायचा?

भाड्याची खोली मालकीची होते तेव्हा

आता या चाळी पाडून नव्या इमारती उभारण्याचे काम म्हाडाकडे आहे. शासनाने २०१६ साली निर्णय घेतला, २०१७ साली भूमिपूजन झाले आणि वरळीत प्रत्यक्ष बांधकाम २०२१ पासून वेगाने सुरू झाले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या १५,५९३ भाडेकरूंना मालकीची घरे द्यायची आहेत. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जागेवर असल्याने त्यांचे घोंगडे वेगळेच भिजत पडले. काम चालू असेतोवर बाहेर भाड्याने राहणाऱ्यांना दरमहा २५,००० रुपये भाडे ठरले. हा सर्व खर्च कोठून यायचा? उरलेल्या जमिनीवर विक्रीचे मनोरे उभे राहतील आणि त्यांतली घरे बाजारभावाने विकून पैसा येईल.

योजना वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. खासगी बिल्डरच्या हाती हजारो भाडेकरू वर्षानुवर्षे लटकलेले आपण पाहतो, त्या मानाने सरकारी यंत्रणेने केलेले हे काम निश्चितच चांगले आहे. परंतु भाडेकरूचे रूपांतर मालकात होते, तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. एक, खर्चाची जबाबदारी घरमालकाकडून, म्हणजे सरकारकडून, त्या कुटुंबाच्या डोक्यावर येते. दुसरी, शहरातली एक कमी भाड्याची खोली कायमची संपते. चावीच्या समारंभात यातील एकाही गोष्टीचा उल्लेख होत नाही.

मावशींच्या प्रश्नाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून भावना बाजूला ठेवून हिशेब मांडतो. चाळीचे भाडे नाममात्र होते. दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याची. लिफ्ट नव्हती, त्यामुळे लिफ्टचे बिलही नव्हते. वरळीची नवी इमारत चाळीस मजल्यांची. तिथे लिफ्ट बंद पडली तर म्हातारा माणूस घरात कोंडला गेला असेच समजा. लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, जिन्यातले दिवे, पहारेकरी, झाडलोट, हे सर्व चालू ठेवावेच लागते.

शिवाय गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दोन निधी जमा करावे लागतात. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका घराचा बांधकाम खर्च २४ लाख रुपये धरू. पाव टक्का म्हणजे ६,००० आणि पाऊण टक्का म्हणजे १८,०००. दोन्ही मिळून वर्षाला २४,०००, म्हणजे दरमहा २,००० रुपये. लिफ्ट, पंप, पहारेकरी, झाडलोट यांचा वाटा २,५०० धरला तर महिन्याची पावती ४,५०० रुपयांची झाली. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक इमारतीचे वेगळे असतील. पण याच्या निम्मे धरले तरी प्रश्न सुटत नाही. आयुष्यभर खासगी कंपनीत राबलेल्या कामगाराला जी किमान पेन्शन २०१४ साली ठरवण्यात आली, ती १,००० रुपये आहे. हजाराच्या पेन्शनमधून दोन-चार हजारांची पावती कशी भरायची?

मालमत्ता कराच्या बाबतीत एक दिलासा आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना हा कर माफ आहे. परंतु मोजणीत घर या मर्यादेच्या वर गेले तर माफी जाते, म्हणून करारातले क्षेत्रफळ प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावे. सुरुवातीची काही वर्षे देखभालीचा भार प्रकल्पाने उचलला, तरी ती वर्षे कधीतरी संपतात. इमारत जुनी होऊ लागते, दुरुस्त्या वाढतात, घरातले कमावते माणूस निवृत्त होते, आणि नेमक्या त्याच वेळी पूर्ण पावती हातात पडू लागते.

पावती थकली की पुढे काय होते, हे संस्थांचे काम पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. आधी सूचना फलकावर नाव लागते. मग सहकार कायद्याखाली वसुलीचा दाखला. तोवर दलाल दारात आलेला असतोच. "आजी, कशाला ही कटकट? एवढी रक्कम घ्या, बदलापूरला मोठं घर होईल, वर बँकेत पैसे पडतील." विक्रीवर काही वर्षे बंदी असली तरी मुखत्यारपत्राच्या वाटा शोधल्या जातात. कुणी जबरदस्ती करत नाही, कुणी सामान रस्त्यावर फेकत नाही. कुटुंब आपल्याच सहीने, आपल्याच पायांनी वरळीतून निघून जाते. त्याच्या मुलांची शाळा, बायकोचे चार घरचे काम, आजाऱ्याचे केईएमचे कार्ड आणि कोपऱ्यावरचे विहार, सगळे मागे राहते.

ज्यांचे नाव पावतीवर नाही

दुसरा प्रश्न, चावीच न मिळालेल्यांचा. एका खोलीमागे एक घर हा नियम. पण त्या खोलीत दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि माळ्यावर झोपणारी पोरे होती. कुणी पोटभाडेकरू म्हणून वीस वर्षे राहिला असेल, त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. त्याने कोठे जायचे?

यादीबाहेरच्या माणसाने संघटितपणे मागितले तर काय मिळू शकते, याचे उदाहरण याच चाळींत घडले आहे. बीडीडीत पोलिसांसाठी राखीव खोल्या होत्या. निवृत्त झालेल्या पोलिसांची कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे राहत होती, पण खोली सेवेची असल्याने त्यांना फुकट घराचा हक्क नव्हता. २०२२ साली त्यांना घराची किंमत प्रथम ५० लाख सांगण्यात आली. कुटुंबांनी आवाज उठवला तेव्हा ती २५ लाखांवर आली आणि त्याच वर्षी अखेर १५ लाखांवर ठरली. घर तेच, इमारत तीच, किंमत मात्र काही महिन्यांत ५० वरून १५ वर आली. यावरून काय सिद्ध होते? जमीन सरकारची असते तेव्हा घराची किंमत बाजार ठरवत नाही, शासनाचा निर्णय ठरवतो. मग हाच निर्णय कमी उत्पन्नाच्या इतर कुटुंबांसाठी का होऊ नये?

आणि जो अजून मुंबईत आलेलाच नाही, त्याचे काय? उद्या मराठवाड्यातून एखादा आपला तरुण नोकरीसाठी येईल. त्याच्या आज्याला बीडीडीत भाड्याची खोली मिळाली होती. त्याला मिळणार नाही, कारण ती भाड्याची खोलीच उरलेली नाही. तो खासगी सोसायटीत खोली बघायला जाईल, तिथे त्याला आडनाव विचारतील आणि "जागा गेली" म्हणून सांगतील. आपल्या समाजातल्या शिकल्यासवरल्या, चांगल्या पगाराच्या मुलामुलींनाही हा अनुभव येतो, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. भाड्याचे सरकारी घर हे आपल्याला नुसते स्वस्त होते असे नाही, ते जात न विचारणारे घर होते.

एका शब्दाने काय होते

कमी उत्पन्नाच्या घरांची अट कायद्यात नसेल तर फसगत होते, आणि असली तरी डोळ्यांत तेल घालून जपावी लागते. गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास ताजा आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद झाली की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना ढोबळमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक हिस्सा मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला आणि हे वाटप संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते उरले. गिरणीची जमीन बहुतेक शेडांनीच व्यापलेली, मोकळी जमीन ती कितीशी असणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो फिरला. लालबाग-परळच्या मनोऱ्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. नियमातला एक शब्द बदलला आणि हजारो कामगारांची घरे कागदावरून पुसली गेली.

इतर ठिकाणी काय केले

भाड्याच्या इमारतींतली घरे मालकीची करून विकण्याची लाट अमेरिकेत १९७० नंतर मोठ्या प्रमाणावर आली. तिथे याला कॉन्डोमिनियममध्ये रूपांतर असे म्हणतात. भाडेकरू रस्त्यावर येऊ लागले तेव्हा राजधानी वॉशिंग्टनने १९८० साली कायदा केला. भाडेकरूंचे मतदान घ्यायचे, बहुमताने होकार असेल तरच रूपांतर. इमारत विकायची झाली तर ती विकत घेण्याची पहिली संधी भाडेकरूंना. आणि ६२ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूला रूपांतराच्या कारणाने घराबाहेर काढायचे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८३ च्या कायद्यात चार किंवा अधिक घरांच्या इमारतीत भाडेकरूला एक वर्षाची नोटीस बंधनकारक केली. वृद्ध, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दोन वर्षांची. काही शहरांनी तर रूपांतरित घरांपैकी ठरावीक घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा दरात ठेवण्याची अट घातली.

ही सगळी बाजाराला मानणारी माणसे. तरीही भाड्याचे घर मालकीचे होताना बाजाराला मोकळे सोडायचे नाही, हे त्यांना कळले. आपल्याकडेही हा विचार परका नाही. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांत २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने २०१३ साली मोठ्या शहरांसाठी केली. पुणे, नाशिक, ठाणे या भागांत म्हाडाच्या सोडतीत "२० टक्के योजनेतील घरे" म्हणून जी जाहिरात येते ती हीच. खासगी बिल्डरच्या जमिनीवर ही अट चालते, तर जनतेच्या जमिनीवरील विक्रीच्या मनोऱ्यांत ती अधिकच चालली पाहिजे.

मागायचे काय, आणि घरात करायचे काय

तेव्हा आपल्या मंडळांनी, पंचायत समित्यांनी, महिला मंडळांनी तीन मागण्या लावून धराव्यात.

पहिली, विक्रीच्या उत्पन्नातून प्रत्येक पुनर्वसन घरामागे कायमची ठेव. वर मांडलेल्या हिशेबातले महिन्याचे २,००० रुपये कायमचे भागवायचे तर ६ टक्के व्याजाने घरामागे चार लाखांची ठेव पुरते. समुद्राजवळच्या वरळीतल्या एका विक्रीच्या घराची किंमत पाहता ही रक्कम काहीच नाही.

दुसरी, विक्रीच्या मनोऱ्यांतील ठरावीक वाटा अल्प उत्पन्न गटासाठी, परवडणाऱ्या किमतीत. त्यात त्याच चाळींतील वाढलेल्या कुटुंबांना प्राधान्य.

तिसरी, काही घरे विकायचीच नाहीत. ती सरकारच्या मालकीची राहावीत आणि भाड्याने द्यावीत, म्हणजे उद्या येणाऱ्या कामगाराला, नर्सला, विद्यार्थ्याला या शहरात दार उघडे राहील.

घरातही काही कामे आहेत. करारनाम्यात पती-पत्नी दोघांची नावे घालण्याचा आग्रह धरा. संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे त्या व्यक्तीला घर दिले असा गैरसमज नको, वारसांचा हक्क कायम राहतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच संघर्षातून हा कायदा पुढे आला, आणि आपल्याच घरात बहिणीकडून राखीच्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे शोभत नाही. बहिणीची सही लागणार असेल तर घर घाईने विकले जात नाही, हा व्यवहारातला फायदाही भावांनी ध्यानात घ्यावा. आणि संस्थेची वार्षिक सभा चुकवू नका. ताळेबंद मागा, वाचा, समजला नाही तर विचारा. ज्या सभेत आपण नसतो, तिथेच आपल्या पावतीचा आकडा ठरतो.

मावशींना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या रविवारी आम्ही चाळीतल्या आठ-दहा बाया आणि चार तरुण विहारात बसलो, आणि "महिन्याला किती पडणार, किती वर्षांनी पडणार, लेखी कळवावे" असा दोन ओळींचा अर्ज लिहिला. खाली सर्वांत आधी मावशींनी सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, मोठ्या अक्षरांतली, सावकाश केलेली सही. अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे. आपापल्या चाळीतून, आपापल्या वस्तीतून असाच अर्ज प्रत्येकाने करावा आणि पोच जपून ठेवावी, एवढीच नम्र विनंती.

जय भीम.